अणूचे चित्र वाचताना

गणपतीपुळ्याहून समुद्रकाठाने उत्तरेकडे निघाले, की मालगुंड मागे टाकून आपण जयगडच्या खाडीपाशी येतो. शास्त्री नदी इथे समुद्राला मिळते. पाणी गढूळ, तळ काही दिसत नाही. तरीही अशा बंदरांच्या नकाशांवर तळाची खोली जागोजागी आकड्यांत लिहिलेली असते. तळ न पाहता हा नकाशा कोणी आणि कसा काढला?

आज हे काम ध्वनिलहरी करतात. पण त्यापूर्वी कित्येक शतके नाविकांजवळ एकच साधन होते : खुणा केलेली दोरी आणि तिच्या टोकाला शिशाचे वजन. होडी थोडी पुढे न्यायची, वजन तळाला टेकेपर्यंत दोरी सोडायची, किती दोरी लागली ते लिहायचे, पुन्हा होडी पुढे. एक ओळ झाली की तिच्या शेजारून दुसरी. अशा शेकडो नोंदी कागदावर मांडल्या, की न दिसलेल्या तळाचे चढउतार कागदावर उमटत. वजनाच्या बुडाशी खोबण करून तिच्यात चरबी भरीत. तिला चिकटून वर आलेल्या वाळूवरून किंवा चिखलावरून तळ कशाचा आहे, हेही कळे.

अणूंची जी चित्रे आज आपण पाठ्यपुस्तकांत आणि मासिकांत पाहतो, त्यांतली पुष्कळशी याच रीतीने काढलेली असतात. दोरीच्या जागी अतिशय अणकुचीदार सुई असते, इतकेच. या यंत्रांच्या कुळाला स्कॅनिंग प्रोब मायक्रोस्कोप म्हणतात. नाव सूक्ष्मदर्शकाचे असले, तरी ही यंत्रे पाहत नाहीत, चाचपतात. वर्गात असे चित्र दाखवल्यावर "हा अणूचा फोटो आहे का?" असा प्रश्न कोणी ना कोणी विचारतोच. त्याचे प्रामाणिक उत्तर द्यायचे, तर हे चाचपणे नेमके कसे चालते आणि त्यातून आलेले चित्र कसे वाचायचे, हे आधी समजून घ्यायला हवे.

प्रकाश कुठे कमी पडतो?

शाळेतल्या सूक्ष्मदर्शकात कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी छान दिसतात. भिंगे कितीही चांगली घेतली तरी नेहमीच्या प्रकाशीय सूक्ष्मदर्शकात सुमारे २०० नॅनोमीटरपेक्षा जवळ असलेले दोन बिंदू वेगळे दिसत नाहीत. (१ नॅनोमीटर म्हणजे १ मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.) दृश्य प्रकाशाची तरंगलांबीच ४०० ते ७०० नॅनोमीटर असते आणि लाट स्वतःहून फार लहान असलेल्या वस्तूचा तपशील सांगू शकत नाही. घन पदार्थात शेजारच्या दोन अणूंमधले अंतर असते साधारण पाव नॅनोमीटर. म्हणजे प्रकाशाची लाट अणूंमधल्या अंतरापेक्षा दोन हजार पटींनी मोठी.

इलेक्ट्रॉनची तरंगलांबी प्रकाशापेक्षा खूपच कमी करता येते. तिचा उपयोग करून जर्मनीत एर्न्स्ट रुस्का यांनी १९३० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक बनवला. लाटेऐवजी सुई वापरण्याची वाट मात्र पुढे स्वित्झर्लंडमध्ये सापडली. झुरिकजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत गेर्ड बिनिग आणि हाइनरिश रोरर यांनी १९८१ साली स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोप चालवून दाखवला. १९८६ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक रुस्का, बिनिग आणि रोरर या तिघांना मिळून देण्यात आले.

सुई आणि विद्युतप्रवाह

या यंत्रात टंगस्टनची किंवा प्लॅटिनम-इरिडियमची तार अणकुचीदार करून तिचे टोक नमुन्याच्या पृष्ठभागाजवळ आणतात. इतके जवळ, की मध्ये जेमतेम अर्धा ते एक नॅनोमीटर अंतर उरते. दोन्हींमध्ये थोडा विद्युतदाब दिला की सुई पृष्ठभागाला टेकलेली नसतानाही अगदी बारीक प्रवाह वाहू लागतो.

आपल्या नेहमीच्या समजुतीप्रमाणे तुटलेल्या मंडलातून प्रवाह वाहता कामा नये. पण पुंजयामिकीप्रमाणे इलेक्ट्रॉनला तरंगाचे गुणधर्म असतात आणि हा तरंग धातूच्या सीमेवर एकदम संपत नाही; बाहेरच्या पोकळीत झपाट्याने विरत जातो. तो पुरता विरण्याआधीच दुसरा धातू समोर आला, तर काही इलेक्ट्रॉन पलीकडे सापडतात. डोंगर चढून न जाता बोगद्यातून पलीकडे निघावे, तसे. म्हणून याला टनेलिंग म्हणतात.

या प्रवाहाची एक खासियत सगळ्या यंत्राच्या मुळाशी आहे. सुई आणि पृष्ठभाग यांतले अंतर फक्त ०.१ नॅनोमीटरने वाढले, तर प्रवाह सुमारे दहापट कमी होतो. म्हणजे प्रवाह मोजणे हेच अंतर मोजणे झाले, आणि तेही अणूच्या आकाराहून बारीक मापाने. सुईच्या टोकाचा जो अणू सर्वांत पुढे असेल, त्याच्या मागच्या थरातला अणू समजा पाव नॅनोमीटर मागे आहे. त्याच्यातून वाहणारा प्रवाह पुढच्या अणूच्या सुमारे तीनशेव्या हिश्श्याएवढाच. म्हणून सुईचे टोक भिंगातून ओबडधोबड दिसले तरी काम प्रत्यक्षात एखादाच अणू करीत असतो.

मुलांना प्रमाणाची कल्पना देण्यासाठी एक हिशोब करून पाहा. अणू १ सेंटीमीटरच्या गोटीएवढा मोठा झाला असे समजू. त्याच प्रमाणात पाव मिलिमीटर जाडीची तार १० किलोमीटर जाड होईल. दहा किलोमीटर रुंद बुंध्याचा डोंगर उलटा धरून त्याच्या शिखरावरच्या एका गोटीने खालच्या गोट्या चाचपायच्या, आणि मध्ये दोन सेंटीमीटरचे अंतर कायम राखायचे, असे हे काम आहे.

ते साधते दाबविद्युत स्फटिकामुळे. गॅसच्या लायटरमध्ये असा स्फटिक असतो. त्याला दाबले की विद्युतदाब निर्माण होऊन ठिणगी पडते. याच्या उलटही घडते : स्फटिकाला विद्युतदाब दिला की तो किंचित लांबतो किंवा आखडतो. यंत्रात वापरतात ती दाबविद्युत नळी एका व्होल्टला काही नॅनोमीटर एवढीच हलते. तिच्या साह्याने सुई डावी-उजवी, पुढे-मागे आणि वर-खाली हलवतात. सुई ओळीने फिरत असताना प्रवाह वाढला, तर पृष्ठभाग जवळ आला असे समजून मंडल तिला आपोआप वर उचलते; प्रवाह कमी झाला तर खाली सोडते. प्रवाह कायम राखण्यासाठी सुई कुठे किती वर-खाली करावी लागली, त्याची नोंद म्हणजेच चित्र. १० नॅनोमीटर बाजूच्या चौरसात २५६ ओळी आणि प्रत्येक ओळीत २५६ बिंदू घेतले तर एकूण ६५,५३६ नोंदी होतात.

इमारतीची नेहमीची थरथर अणूंच्या चढउतारापेक्षा हजारो पटींनी मोठी असते. त्यामुळे यंत्र स्प्रिंगांवर टांगणे, जड फरशी आणि रबराचे थर यांवर ठेवणे अशा युक्त्या कराव्या लागतात. यंत्राचे तत्त्व मात्र इतके सरळ आहे, की ते विकतच घ्यायला हवे असे नाही. पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात प्रा. सी. व्ही. धर्माधिकारी यांनी विद्यार्थ्यांना घेऊन असे यंत्र आपल्या प्रयोगशाळेतच उभे केले. त्या विभागात क्षेत्र-उत्सर्जनाच्या अभ्यासाची जुनी परंपरा होती, आणि त्या अभ्यासातही बारीक टोकाची सुई हेच मुख्य साधन असते. हाताशी असलेल्या कसबातून नवे यंत्र कसे उभे राहते, याचे हे आपल्याकडचे चांगले उदाहरण आहे.

विजेविना चाचपणे

टनेलिंगसाठी पृष्ठभाग विद्युतवाहक हवा. काच, प्लॅस्टिक, हाड, शिंपले यांचे काय? बिनिग, कॅल्व्हिन क्वेट आणि क्रिस्टोफ गर्बर यांनी १९८६ साली त्यावर तोड काढली : ॲटॉमिक फोर्स मायक्रोस्कोप. यात सुई एका लवचीक पट्टीच्या टोकाला असते. पट्टी असते साधारण १०० मायक्रोमीटर लांब. पृष्ठभागातले अणू सुईला ओढतात किंवा ढकलतात आणि पट्टी वाकते. तिच्या पाठीवर लेसरचा किरण पाडून परावर्तित ठिपका कुठे सरकतो ते मोजतात. उन्हात आरसा किंचित हलवला की भिंतीवरचा कवडसा दूरवर धावतो, तोच हा खेळ. पट्टीचे टोक ०.१ नॅनोमीटर हलले, तर ५ सेंटीमीटरवरचा ठिपका सुमारे १५० नॅनोमीटर सरकतो. म्हणजे हालचाल दीड हजार पट मोठी झाली.

नाविकाच्या चरबी लावलेल्या वजनाप्रमाणे ही सुई उंचीखेरीज आणखीही काही सांगते : पृष्ठभाग किती चिकट, किती कठीण. कोकणातल्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी शंकूच्या टोपीसारखे कवच असलेल्या छोट्या गोगलगायी खडकाला घट्ट चिकटलेल्या दिसतात. या लिंपेट गटातल्या प्राण्यांच्या जिभेवर बारीक दातांच्या रांगा असतात आणि त्यांनी ते खडकावरचे शेवाळ खरवडून खातात. इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ विद्यापीठाचे आसा बार्बर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युरोपच्या किनाऱ्यावरील एका लिंपेट जातीच्या दातातून केसाहून कितीतरी बारीक तुकडे कोरले आणि ॲटॉमिक फोर्स मायक्रोस्कोपच्या साह्याने ते ताणून तोडले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या मापनात दाताची ताणशक्ती ३ ते ६.५ गिगापास्कल भरली. तोवर मोजलेल्या कोणत्याही जैविक पदार्थापेक्षा, अगदी कोळ्याच्या धाग्यापेक्षाही ती जास्त होती. या दातातले बळ गोएथाइट या लोहखनिजाच्या अतिसूक्ष्म तंतूंत आहे. हेच खनिज आपल्या जांभ्या दगडातही असते. पण तिथे त्याची अशी तंतुमय बांधणी नसते. पदार्थ तोच, रचना वेगळी, गुण वेगळे.

चित्र फसवते तेव्हा

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. गणपतीपुळ्याच्या पुळणीवर ओहोटीनंतर वाळूत लाटांचे वळे उमटतात. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात त्यांचे छायाचित्र घ्या आणि ते उलटे धरून पाहा. बहुतेकांना उंचवटे खळग्यांसारखे आणि खळगे उंचवट्यांसारखे दिसू लागतात. प्रकाश वरून येतो असे आपला मेंदू गृहीत धरतो आणि सावलीवरून उंची ठरवतो. स्कॅनिंग प्रोब मायक्रोस्कोपच्या चित्रांत दिसणारे चकचकीत गोळे, त्यांच्या सावल्या आणि सोनेरी किंवा निळे रंग ही सगळी संगणकाची देणगी असते. मूळ नोंद फक्त आकड्यांची. अणूला रंग नसतो आणि त्याच्यावर कुठला दिवाही लावलेला नसतो. उभ्या दिशेची मोजपट्टी आडव्या दिशेपेक्षा पुष्कळदा कितीतरी पटींनी ताणलेली असते. त्यामुळे जवळजवळ सपाट पृष्ठभागसुद्धा सह्याद्रीसारखा दिसतो.

दुसरी फसगत सुईच्या जाडीची. नाविकाचे वजन भोपळ्याएवढे असेल, तर दोन खडकांमधली अरुंद घळ त्याला कळणारच नाही. समजा सुईच्या टोकाची त्रिज्या १० नॅनोमीटर आहे आणि पृष्ठभागावर २ नॅनोमीटर जाडीची कार्बनची नळी पडली आहे. सुईची बाजू नळीला आधीच टेकू लागते आणि ओलांडून गेल्यावरही काही वेळ टेकलेली राहते. साधी भूमिती केली तर चित्रात नळीची रुंदी १२ ते १३ नॅनोमीटर भरते. उंची मात्र २ नॅनोमीटरच्या आसपास येते. म्हणून उंच वस्तूंच्या बाबतीत उंचीवर विश्वास ठेवावा, रुंदीवर जपून. सुईला दोन टोके असतील, तर प्रत्येक वस्तूची जोडी दिसते. वस्तू सुईहून अणकुचीदार असेल, तर वस्तूच सुईचे चित्र काढते! चित्रातल्या सगळ्या कणांचा आकार हुबेहूब सारखा आणि एकाच दिशेला वळलेला दिसला, की तो कणांचा नसून सुईचा असावा अशी शंका घ्यावी.

तिसरा मुद्दा अधिक खोल आहे. टनेलिंगचा प्रवाह उंचीवर अवलंबून असतो, तसाच तो त्या जागी इलेक्ट्रॉन किती उपलब्ध आहेत यावरही अवलंबून असतो. पेन्सिलीतले ग्राफाइट घ्या. त्याच्या थरात कार्बनचे अणू षटकोनी जाळीत बसलेले असतात आणि शेजारच्या दोन अणूंत ०.१४२ नॅनोमीटर अंतर असते. पण टनेलिंगच्या नेहमीच्या चित्रात ठिपके दिसतात ते ०.२४६ नॅनोमीटर अंतरावर आणि त्रिकोणी मांडणीत. षटकोनाच्या सहा अणूंपैकी तीनच उजळतात. ज्या अणूच्या बरोबर खाली दुसऱ्या थरातला अणू असतो, त्याच्यापाशी टनेलिंगला सोयीचे इलेक्ट्रॉन कमी असतात, म्हणून तो मागे राहतो. उंचीने मात्र सगळे अणू सारखेच असतात. गॅलियम आर्सेनाइडच्या एका पृष्ठभागावर तर विद्युतदाबाची दिशा एक असेल तेव्हा आर्सेनिकचे अणू दिसतात आणि ती उलटवली की गॅलियमचे! पृष्ठभाग तोच, आपण विचारलेला प्रश्न बदलला.

सिलिकॉनच्या एका पृष्ठभागाचे प्रसिद्ध कोडेही असेच आहे. त्याच्यावरच्या अणूंची मांडणी दर सात घरांनी पुन्हा येते, हे इलेक्ट्रॉनांच्या विवर्तनावरून १९५९ पासून माहीत होते. मांडणी कशी ते कळत नव्हते. बिनिग आणि रोरर यांच्या गटाने १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या चित्रात एका घरातले सर्वांत वरचे १२ अणू दिसले. पण त्यांच्याखालच्या थरांची पूर्ण रचना ठरवली ती ताकायानागी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये, आणि तीही इलेक्ट्रॉन विवर्तनाच्याच साह्याने. सुईने वरचे सांगितले, खालचे सांगायला दुसरी रीत लागली.

डीएनए होते की नव्हते?

या विषयातली सर्वांत बोलकी घटना डीएनएची आहे. १९८९ साली 'सायन्स' या नियतकालिकात ग्राफाइटवर पसरलेल्या डीएनएची टनेलिंगने घेतलेली चित्रे प्रसिद्ध झाली. लांब धागा, त्याला नियमित पीळ. पुस्तकातल्या आकृतीशी जुळणारे रूप. त्या काळात अशी चित्रे इतरही प्रयोगशाळांतून येत होती. मग १९९१ साली, त्या लेखकांपैकीच एक असलेले टॉमस बीब यांनी कॅरॉल क्लेमर यांच्यासह त्याच नियतकालिकात दुसरा लेख लिहिला. त्यांनी नुसते ग्राफाइट तपासले होते. त्याच्यावर डीएनए मुळीच नव्हते. तरीही त्याच्या पायऱ्यांच्या आणि दोषांच्या जागी लांब, पीळदार, नियमित धागे दिसत होते. म्हणजे धागा दिसणे हा डीएनए असल्याचा पुरावा ठरू शकत नव्हता.

याचा अर्थ सुईला डीएनए कळतच नाही असा नाही. पुढे अभ्रकावर पसरलेल्या डीएनएची ॲटॉमिक फोर्स मायक्रोस्कोपने घेतलेली चित्रे नित्याची झाली. त्यात धाग्याची लांबी आधी माहीत असलेले तुकडे वापरून चित्रातली लांबी पडताळता येते. शिकण्यासारखे हे, की रिकाम्या नमुन्याची चाचणी रंगीत चित्राइतकीच महत्त्वाची असते. आपल्याला जे दिसावेसे वाटते नेमके तेच दिसू लागले, तर ती चाचणी अधिकच महत्त्वाची.

म्हणून असे कोणतेही चित्र समोर आले की पुढील प्रश्न विचारावेत, आणि विद्यार्थ्यांनाही विचारायला शिकवावे :

१. मोजपट्टी कुठे आहे? आडवी किती, उभी किती?
२. मोजले काय : प्रवाह, बल, की आणखी काही?
३. त्याच जागेवर सुई पुन्हा फिरवली, तर तेच आले का?
४. सुईचा वेग आणि दिशा बदलल्यावर नक्षी टिकली का? वेग बदलला म्हणून खऱ्या अणूंमधले अंतर बदलत नाही. घरातल्या विजेच्या ५० हर्ट्झच्या गुणगुणीने उमटलेले खोटे 'अणू' मात्र लगेच फाकतात किंवा जवळ येतात.
५. सुई बदलून पाहिली का? रिकामा नमुना तपासला का?
६. दुसऱ्या एखाद्या रीतीने आलेले उत्तर याच्याशी जुळते का?

वर्गातला सूक्ष्मदर्शक

हे सगळे एका तासात करून पाहता येते. बुटांचे रिकामे खोके घ्या. त्याच्या तळाशी शाडूच्या मातीचे डोंगर, एक अरुंद घळ आणि एखादा खांब करा. ते विद्यार्थ्यांना दिसू देऊ नका. झाकणाला प्रत्येक सेंटीमीटरवर एक याप्रमाणे भोके पाडून झाकण चिकटवून टाका. सायकलच्या आऱ्यावर मिलिमीटरच्या खुणा करा. एकेका भोकातून आरा सरळ खाली सोडून तो किती आत गेला ते चौकटीच्या कागदावर लिहायचे आणि आकड्यांप्रमाणे चौकटी रंगवायच्या. २० सेंटीमीटर लांब आणि १० सेंटीमीटर रुंद झाकणात सुमारे २०० नोंदी होतील. एका गटाला आरा द्या, दुसऱ्या गटाला बोटाएवढी जाड काठी. काठीसाठी त्याच घडणीचे, मोठ्या भोकांचे दुसरे खोके करावे लागेल. काठीला घळ सापडणार नाही आणि खांब जाडजूड वाटेल. तिसऱ्या गटाला पहिल्या गटाचेच आकडे द्या, पण रंग वेगळे वापरायला सांगा. मग तिन्ही चित्रे शेजारी लावा आणि त्यातले 'खरे' कोणते यावर मुलांना वाद घालू द्या.

शेवटी मुले खोके उघडून दाखवा म्हणतील. उघडू नका. अणूंच्या जगाचे झाकण संशोधकालाही उघडून पाहता येत नाही. त्याला पुन्हा मोजता येते, सुई बदलता येते, वेगळ्या रीतीने विचारता येते आणि जुळलेली उत्तरे तेवढी जपून ठेवता येतात. मुलांनाही तेवढेच करू द्या. अणूचा हा फोटो आहे का, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्याच तोंडून येईल : फोटो नाही, पण न पाहता, मोजून काढलेला नकाशा आहे, आणि तो तपासून घेता येतो.